नायिका सापडत नाही

मालकीणबाई पहिल्याच पानावर मेल्या.

मेल्या त्या कादंबरीत. खऱ्या मालकीणबाई शिलाईच्या कारखान्यात, कापड बेतायच्या लांब टेबलाशी, हातात कात्री घेऊन उभ्या होत्या. आणि सुनेच्या लॅपटॉपमधली बाई थंड आवाजात त्यांचं मरण वाचून दाखवत होती. एकेक करत मशीन थांबल्या. काजं-बटणं करणारीनं तोंडावर हात दाबला.

वाचून दाखव, असा हुकूम त्यांनीच सोडला होता. त्यांना अक्षर लावत लावत वाचावं लागायचं, आणि सुनेसमोर अडखळणं त्यांना जमण्यातलं नव्हतं. सून कादंबरी लिहिते हे घराला माहीत होतं. संपादकबाईंनी ती परत पाठवली, हेही माहीत होतं. घर छान उतरलंय, पण नायिका सापडत नाही, शोधून आणा, म्हणाल्या होत्या. एवढ्या जाड बाडात शोधायचं कसं? म्हणून सून लिखाणाच्या सॉफ्टवेअरच्या मागे लागली. पहिल्यात नुसती कोरी पानं. एक प्रकरण हवं तर सगळा ढीग उपसा. दुसऱ्यात गोष्ट टाकली तर तिच्या वजनानं ते गपगारच झालं. हे तिसरं. फुकट वापरायची मुदत आज संपत होती, आणि पुस्तकाचं काय ते आजच ठरायचं होतं. सापडली नायिका तर पुढे, नाही तर बाड माळ्यावर.

"दोरा ओवायचा सोडून सुया काय बदलत बसलीस," असं मालकीणबाई सकाळीच म्हणून झाल्या होत्या. आता त्यांनी कात्री टेबलावर ठेवली.

"मला मारलंस?"

"आई, तुम्ही जिवंत होतात तोवर दुसऱ्या कुणाला बोलायलाच मिळेना," सून म्हणाली, आणि आपण काय बोलून बसलो ते ऐकून स्वतःच गार पडली.

बटणवाली फिसकन हसली. मालकीणबाईंनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. तिनं सुई उचलली.

"सुटलात म्हणायचं," त्या सुनेला म्हणाल्या. "दाखव आता, माझ्यामागे काय दिवे लावलेत ते."

सुनेनं पडदा त्यांच्याकडे वळवला. एकेक प्रकरण एकेका कार्डावर होतं. कापड बेतायचे कागद टेबलावर मांडावेत तशी ती ओळीनं लागलेली. पात्राचं नाव घातलं की ते जिथं जिथं आहे ती कार्डं रंगतात, सुनेनं सांगितलं. तिनं 'मालकीणबाई' घातलं. लाल रंग निवडला. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत सगळी कार्डं लालभडक झाली. जिकडेतिकडे तेच: मालकीणबाई असत्या तर असं म्हणाल्या असत्या, मालकीणबाईंची कात्री कुणी घेतली, मालकीणबाईंना हे खपलं नसतं.

"म्हणजे मेल्यावरही घर मीच चालवतेय." त्या खुर्ची ओढून बसल्या. त्यांना मरण मानवलं होतं. "थोरलीला घाल बरं."

थोरली म्हणजे कारखान्यातली सगळ्यात जुनी मशीन. एकही टाका न सोडणारी ती लाडकी, आणि रोज अडून बसणारी रुसूबाई. बारशी मालकीणबाईंनीच केली होती. अर्धी कार्डं हिरवी झाली. लाडकी निळ्यात निघाली. रुसूबाईलासुद्धा जागा होती.

"आता तुझी ती नायिका."

नायिकेला सुनेनं स्वतःचंच नाव दिलं होतं. पुढे बदलू म्हणून. तिनं ते घातलं. पहिलं कार्ड पिवळं झालं. तिथं नायिकेची ओळख करून दिली होती. बाकीची कार्डं पांढरीच राहिली.

तिनं पुन्हा घातलं. पुन्हा तेच.

"हेही बिघडलेलंच निघालं," ती म्हणाली. "मी आहे, आई. प्रत्येक प्रकरणात आहे. मी स्वतः लिहिलंय की."

"मधलं कुठलंही उघड. वाचू दे तिला."

थंड आवाज वाचू लागला. अगं, पाणी आण. अगं, थोरलीला तेल घाल. अगं, गिऱ्हाईक उभंय, दिसत नाही का. सुनेनं दुसरं कार्ड उघडलं, मग तिसरं. बोलणारा कुठे नवरा होता, कुठे नणंद. पण शब्द कुठून आलेत ते मालकीणबाईंनी ओळखलं. आपल्या हातचा टाका माणूस ओळखतो तसा.

"'अगं' घालून बघ," त्या म्हणाल्या.

सगळी कार्डं पिवळी झाली.

मालकीणबाई आठवू लागल्या. गिऱ्हाइकांत 'आमची सून'. पाहुण्यांत 'ही'. कारागिरांना सांगताना 'तिला विचारा'. मुलगा आईचं ऐकून 'अगं' शिकला, नातवंडं चिडवायला तेच म्हणायची. लोखंडाच्या मशीनना त्यांनी लाडानं नावं दिली होती.

"हेच विकत घे," शेवटी त्या पडद्याकडे बोट करून म्हणाल्या. "तोंडावर सांगतं तरी."

सून मान हलवून पुन्हा त्या पिवळ्या ओळींकडे बघत राहिली. जेवणाची वेळ टळून चालली होती. मालकीणबाई उठल्या. घसा साफ केला. आणि त्यांनी सुनेला नावानं हाक मारली. चांगली स्पष्ट, सगळ्या कारखान्याला ऐकू जाईल अशी. "चल, जेवून घे."

सून चटकन उठली आणि त्या नावाचं कोण आलंय ते बघायला दाराकडे गेली.