हात पोचेल तिथवर

मालकाने शिंपिणीकडे दुप्पट भाडं मागितलं. तिने हात टेकले, तेव्हा उपकार केल्यासारखं म्हणाला, “नवा भाडेकरू मिळेपर्यंत राहा.” लेकीची शाळा समोर, गिऱ्हाइकं याच गल्लीतली, इथून उठायचं म्हणजे आपल्याच पोटावर पाय. म्हणून घर बघायला कुणी येणार म्हटलं की ती इस्त्रीच्या फवाऱ्याने भिंत भिजवायची आणि येणारे नाक मुरडून जायचे. आज दलालाबरोबर एक नर्स आली. तिने भिंतीवर हात फिरवला, ओल कुठवर चढलीय पाहिलं, मग शिंपिणीची ओली बाही. दलाल खिडकीशी फोनवर होता. नर्स कुजबुजली, “ताई, मीही भिंत भिजवायचे. अशीच, हात पोचेल तिथवर.” शिंपिणीच्या जिवात जीव आला. “मग? टिकलं घर?” नर्सने नकारार्थी मान हलवली, ओला हात गणवेशाला पुसला आणि दलालाला हाक मारली, “ओल चालेल मला. घेते मी.”