मुठीतला बर्फ

"बाळंतपणाच्या खोलीत एकालाच सोडतात, आई," लेकीने तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा आईने चहाचा कप जरा जास्तच जोरात टेबलावर ठेवला.

"मग मी आहे ना एक. बाहेरची बाई कशाला? घरातली माणसं काय मेलीत?"

बाहेरची बाई समोरच बसली होती. आखूड केसांची, चाळिशीची, पायातल्या चपला दाराशी नीट जोडून ठेवून आलेली. बाळंतपणात सोबत करणं हे तिचं काम. डॉक्टर नव्हे की सुईण नव्हे. कळा सुरू झाल्या की हजर व्हायचं, बाळ होईपर्यंत बाईजवळून हलायचं नाही, आणि पुढेही काही दिवस घरी येऊन दोघांचं बघायचं. अशा बाईला म्हणे डूला म्हणतात. आईला ते एखाद्या खुळखुळ्याचं नाव वाटलं होतं.

जावयाचा प्रश्नच नव्हता. लेकीला रक्त तपासायला सुई टोचली तर आडवा झाला होता हा, आणि नर्सने तिला सोडून आधी याच्या तोंडावर पाणी मारलं होतं. आता तो स्वयंपाकघराच्या दारात, आपल्यावर काही येऊ नये अशा बेताने उभा होता.

आईला राग आला होता असं दिसत होतं, पण खरी होती ती भीती. सातवा सरल्यापासून तिच्या जिवाला घोर लागला होता. सगळा जन्म शिवणाच्या मशीनवर गेलेली बाई, पण काल एका गिऱ्हाइकाच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्याच लावून बसली. लेक त्या दाराआड जाणार, दार लागणार, आणि आत काय चाललंय ते आपल्याला दुसऱ्याच्या तोंडून कळणार, एवढं एकच तिच्या डोक्यात फिरत होतं.

"माझ्या वेळी कोणी नव्हतं," ती त्या बाईला ऐकवत म्हणाली. "काही अडलं नाही माझं."

बाई जावयाकडे वळून म्हणाली, "जरा बर्फाचा खडा आणता का?"

जावई धावतच गेला. काम मिळालं की बिचाऱ्याला बरं वाटायचं.

"हे मी सगळ्यांच्या घरी करते," बाई म्हणाली. "कळ येते ती मिनिटभर तरी राहते. तेवढा वेळ हिने बर्फ मुठीत धरायचा. काकू, तुम्ही आत असाल तर हिच्यासाठी जे कराल, तेच आत्ता करा."

"एवढंच ना?" आईने खुर्ची पुढे ओढली.

लेकीने मूठ मिटली. आधी ती हसली. मग ओठ आवळले. बोटं लाल झाली, पेरं पांढरी पडली, मनगटावरून पाण्याचा ओघळ कोपराकडे निघाला.

"दुखतंय का गं?" आईने विचारलं. "फार दुखतंय? चिमे, बोल ना काहीतरी. अगंबाई, तोंड बघा कसं झालंय पोरीचं!"

लेकीने डोळे मिटून घेतले. ते मिटलेले डोळे आईला बघवले नाहीत. "पुरे झाला हा खेळ," म्हणत ती उठली, लेकीची बोटं उघडली, बर्फ हिसकावला आणि भिरकावून दिला. तो फरशीवरून घसरत जावयाच्या पायाशी जाऊन थांबला.

"आई," लेक हळूच म्हणाली, "तिथे काय हिसकावशील?"

आवाजात राग नव्हता. म्हणूनच आईला ते लागलं.

"मला नाही गं बघवलं."

"माहितेय. तू घाबरलीस की मग मला तुला सांभाळावं लागतं. त्या दिवशी नाही जमणार मला ते."

आई उभीच राहिली. मग तिने जावयापुढे हात केला. "आणा तो खडा इकडे. धरून बघते मी. एवढं काय त्यात!"

सुई बोटात घुसली तरी टाका पुरा करणारी बाई ती. पहिले काही क्षण तिला काहीच वाटलं नाही. मग थंडी हाडात शिरली, आणि हातभर कळ चढत गेली. तिने भिंतीकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं. नजर कुठे ठरेना.

खुर्चीचा आधार घेत लेक उठली. पोट सांभाळत आईच्या मागे आली आणि तिने आईच्या पाठीवर हात ठेवला. तो अजून ओला आणि गार होता.

"बोल ना काहीतरी," आई म्हणाली.

"नाही. इथेच आहे मी."

आईचे डोळे भरून आले.

"आई, पाणी आणू का?" जावयाने विचारलं.

"तुम्ही बसा आधी. पडाल."

बर्फाचं पाणी आईच्या बोटांतून फरशीवर ठिबकत राहिलं. शेवटी आई त्या बाईकडे न बघता म्हणाली, "आत तुम्हीच जा. मी बाहेर बसेन. फक्त दार लावण्याआधी मला एकदा हिचं तोंड बघू द्या."

"बघू देईन," बाई म्हणाली. "मिनिट कधीच झालं, काकू. सोडा आता."

मुठीत बर्फ उरलाच नव्हता, नुसतं पाणी होतं. तरी आईने मूठ घट्ट मिटून ठेवली. उघडली असती, तर पाठीवरचा हात निघाला असता.