संथ आवाजाचे पाळक

“विश्वास असेल तर ही बाटली फेक!” पाहुणे उपदेशक गरजले आणि चर्चभर टाळ्या सुरू झाल्या. माझ्या मधुमेही लेकीने इन्सुलिनची बाटली उंच धरली. त्या भरात मीही क्षणभर भुलले. तेवढ्यात आमचे पाळक उठले. एरवी प्रवचनात आम्हाला डुलक्या आणणारा हा माणूस. त्यांनी तिच्या हातून बाटली घेतली, तशा टाळ्या वाढल्या. आता तेच ती फेकणार, असं सगळ्यांना वाटलं. “बाळ, सुई कधी घ्यायची असते?” पाळकांनी तिला विचारलं. “जेवणाआधी. म्हणजे आत्ताच, काका.” “मग माझ्या खोलीत चल. आईलाही घे.” “पाळकसाहेब, तुमचा विश्वास कमी पडतोय!” उपदेशक ओरडले. टाळ्या थांबल्या. “खरंय,” मागून आवाज आला. पाळकांना ठेवायचं की काढायचं, हे चर्चमध्ये जमणारी ही मंडळीच ठरवते. “पडत असेल,” ते नेहमीच्याच संथ आवाजात म्हणाले. “त्यासाठी आपण प्रार्थना करू. आधी हिची सुई होऊ दे.”