लालसिंगच्या वाटचा घास

दिवाळीच्या सकाळी मानीबाईनं चुलीतले निखारे अंगणात ओढले, त्यावर तूप सोडलं आणि गोड भाताचं ताट लेकापुढं सरकवलं. या दिवशी बंजाऱ्यांच्या तांड्यात वारलेल्या माणसांच्या नावानं असा निखाऱ्यावर घास टाकतात. मान थोरल्या लेकाचा. पण लालसिंग गेल्यापासून त्याच्या नावाचा घास त्याची बायको मानीबाईच टाकत आली, कारण थोरला पूनमसिंग सरहद्दीवर होता.

सरहद्द कसली अन् काय. पूनमसिंग मिलिटरी कॉलेजात गेला होता, एवढं खरं. तिथं गुडघा मोडला, घरी पाठवलं, मग तो बँकेत चिकटला आणि यंदा मॅनेजर म्हणून रिटायर झाला. तांडा त्याला फौजी म्हणत राहिला, त्यानं कधी नाही म्हटलं नाही. बाप अखेरच्या अंथरुणावर होता तेव्हाही नाही. प्रमोशनची मुलाखत तोंडावर आली होती. त्यानं फोनवर एवढंच कळवलं, सुटी मिळत नाही. तांड्यातले लोक हळहळले, देशाचं काम हाय म्हणाले.

"बसा, कॅप्टनसाब," शेजारचा जीवन कुंपणापलीकडून म्हणाला. "आज बुढ्याचा जीव थंडा होईन." आणि आपल्या घरचे निखारे बघायला निघून गेला.

पूनमसिंग बसला. घास उचलला, पण हात पुढं जाईना. मेल्या बापासमोर तरी खोटं नको, असं त्याला वाटलं.

"याडी," तो आईला म्हणाला, "मी फौजेत नव्हतो."

"मले मालूम हाय." मानीबाई निखारे सारखे करत राहिली. "प्रेम तुह्या बँकेत येऊन गेलता. काचेमांगं बसला होता म्हणे तू, टाय लावून. तुले न भेटताच वापस आला."

प्रेम त्याचा धाकटा भाऊ. इतक्या वर्षांत त्यानं हे पूनमसिंगजवळ तोंडातून काढलं नव्हतं.

"कधी?"

"तुहा बाप जिता होता तवाच."

पूनमसिंगची मान खाली गेली. "मग तूही काहून सांगत राह्यली, सरहद्दीवर हाय म्हणून?"

"बँकेत हाय म्हटलं असतं तर लोकायनं विचारलं असतं, मंग बापाले पाहाले काहून नाही आला? सरहद्दीवरच्या पोराले असं कोणी विचारत नाही." तिनं निखाऱ्यावर आणखी तूप सोडलं. "अंथरुणातून ते बी विचारत होते. सारखे दाराकडं पाहत. त्यायले बी मी तेच सांगतलं. मंग नाही विचारलं त्यायनं."

त्याच्या हातातला भात बोटांतून गळायला लागला. मानीबाईनं त्याचा हात मनगटाशी धरला आणि निखाऱ्यावर नेला.

"टाक," ती म्हणाली. "अन् सांग त्यायले, सुटी भेटली म्हणून."