काट्यावरची भाकरी

यमुना वजनकाट्यावर चढली, पण या वेळी हातात डबा घेऊन.

रोज नाश्त्याआधी सर लांब पल्ल्याच्या धावपटू मुलींचं वजन करायचे. अर्धा किलो जास्त भरलं की त्या दिवशी भाकरी बंद. यमुनाची मासिक पाळी वर्षभर आली नाही, तेव्हा ते म्हणाले, "बरंच झालं, सरावाला खाडा पडायचा नाही." मग शर्यतीत, चांगल्या सपाट रस्त्यावर, तिच्या नडगीचं हाड मोडलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "पाळी थांबली तेव्हाच हाडं ठिसूळ व्हायला लागली होती. पोटभर जेवत जा." चार महिन्यांनी आज ती मैदानात परतली होती.

झाकण काढून तिने काट्यावर उभ्याउभ्याच भाकरी मोडली, पिठल्याला लावली आणि सरांच्या डोळ्यांत बघत सावकाश चावू लागली.

"उतर खाली. तुला पळायचंय की नाही?" सर गरजले.

"पळायचंय, म्हणून तर खातेय."

रांगेतली सर्वांत धाकटी मुलगी पुढे आली.

"ताई, माझीही पाच महिने पाळी आली नाही," ती सरांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, आणि तिने भाकरीसाठी हात पुढे केला.