बोटावरचं उलथनं

दोन महिने वैदेही लेझर टॅगच्या खेळासाठी नवी बंदूक घडवत होती. हा खेळ चालतो त्या हॉलमधल्या जुन्या बंदुका पुढून जड. दहा मिनिटांत मुलांची मनगटं दुखायची. तिनं बॅटरी मागे सरकवली, मूठ शाडूत सात वेळा करून मोडली.

ती पोळ्या करताना नवरा ओट्याशी येऊन विचारायचा, "तोल साधायचा म्हणजे काय गं?" मग ती हातातलं उलथनं बोटावर आडवं धरायची. "बोट जड टोकाकडे सरकवत जायचं. एका जागी उलथनं आपसूक तोलून राहतं. हात पडायला हवा तो तिथेच."

"पुन्हा सांग," तो म्हणायचा. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर का होईना, त्याला आपल्या कामाची गोडी लागली, या आनंदात तिच्या पोळ्या करपायच्या.

आज पहिल्याच भेटीत हॉलच्या मालकांनी बंदूक खांद्याला लावून पाहिली. "वजन आहे, पण हाताला जाणवत नाही. कसं जमवलं?"

वैदेही बोलणार, तेवढ्यात नवऱ्यानं बॅगेतून उलथनं काढलं. सकाळपासून ती शोधत होती, तेच. ते बोटावर आडवं धरून तो तिचीच वाक्यं बोलू लागला, एकही शब्द न चुकता.

"म्हणजे डिझाइन तुमचं तर," मालक खूश होऊन म्हणाले. "आणि या?"

"ही मिसेस. मुठीचा रंग हिनंच निवडलाय."

उलथनं त्याच्या बोटावर जराही हललं नाही.