बाबांच्या खोलीतली हवा

नेदरलँड्समधल्या बाडहूव्हडॉर्पच्या घरी गुंजनचे वडील राहायला आल्यापासून नेमक्या त्यांच्याच खोलीत गरम हवा येईना.

"गरम हवेचे जुने डक्ट आहेत, गळणारच. थंडी सोसत नसेल तर जाऊ देत साताऱ्याला," तिचा नवरा कुणाल म्हणाला.

शेवटी गुंजनच ॲल्युमिनियमची चिकटपट्टी घेऊन माळ्यावर चढली. बाबा खाली शिडी धरून सांगत राहिले, "राहू दे गं, स्वेटर पुरतो मला."

गळती कुठेच नव्हती. बाबांच्या खोलीकडे जाणाऱ्या डक्टचा सांधा उघडून कुणीतरी आत जुना टॉवेल कोंबला होता.

तिने तो नेऊन कुणालच्या लॅपटॉपवर आपटला. "लाज नाही वाटली?"

कुणालने टॉवेल शांतपणे बाजूला सारला.

"तुझ्या बाबांनी बघितलंय मला तो कोंबताना. तरी जात नाहीत."